शिफारस पुढच्या स्टेशनाची

एमबीएच्या फॉर्मचे बाकी सगळे रकाने मी एका बैठकीत भरले आणि शेवटच्याला अडकलो. तुम्हाला कामातून जवळून ओळखणाऱ्या दोन माणसांची शिफारसपत्रं जोडा, बंद पाकिटात, पाकिटावर त्यांची आडवी सही. दोन माणसं! मला एक मोजता येईना.

वय त्रेचाळीस. नोकरी स्टेशन मास्तरची, दौंडच्या पुढं एका छोट्या स्टेशनात, जिथं बहुतेक गाड्या थांबत नाहीत. बायको शिरूरला शाळेत शिकवते, मुलगी तिच्याजवळ. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एकटा. आठवड्याच्या सुट्टीला एसटीनं शिरूर, दुसऱ्या दिवशी परत. अशी बारा वर्षं गेली. कामावर आठ तास माझ्यापुढं एक टेबल, सिग्नलचं एक पॅनेल आणि एक फोन. खिडकीतून माणसांनी भरलेल्या गाड्या धडधडत जायच्या आणि मी दारात उभा राहून त्यांना हिरवा झेंडा दाखवायचो. पुढंपुढं त्या गाड्यांचा मला राग यायला लागला. मला माणसांत बसून काम करायचं होतं. कारण एवढंच. फॉर्मवर मात्र मी 'नेतृत्वगुणांचा विकास' असं काहीतरी ठोकून दिलं.

पुण्याचा एक वर्षाचा कोर्स, पूर्णवेळ. म्हणजे नोकरीवर पाणी. प्रवेश परीक्षा बऱ्या मार्कांनी पास झालो तेव्हा बायको म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय. पण लागा. भिंतीशी बोलायला लागण्यापेक्षा बरं." तिच्या लक्षात आलं होतं म्हणजे. मुलगी म्हणाली, "बाबा, वर्गातली पोरं तुम्हाला काका म्हणतील." म्हटलं, म्हणू देत, हाक तर मारतील.

पहिलं पत्र आमच्या रेल्वेच्या इन्स्पेक्टर साहेबांनी दिलं. प्रामाणिक, वक्तशीर, निर्व्यसनी. 'निर्व्यसनी' लिहिण्याआधी त्यांनी मान वर करून विचारलं, "नक्की ना?" अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो.

दुसऱ्या पत्रासाठी आठवडाभर डोकं खाजवलं. क्वार्टरच्या शेजाऱ्यांना माझी स्कूटर ओळखू येते, मी नाही. मग एका सकाळी ड्यूटीवर फोन कानाला लावलेला असताना सुचलं, की रोज माझ्याशी बोलणारा एकच माणूस आहे आणि तो आत्ता बोलतोय. पुढच्या स्टेशनचा मास्तर.

आमच्यात पद्धत अशी की गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला फोन करून लाइन क्लिअर, म्हणजे मधला रूळ मोकळा असल्याची परवानगी, मागायची. त्यानं दिली की खात्रीची खूण म्हणून तो आपल्या छापील कागदावरचा एक दोन आकडी नंबर सांगतो, आपण तो लिहून घ्यायचा. त्याची गाडी आपल्याकडं यायची असेल तेव्हा आपण नंबर द्यायचा. बास. फोनवरचं सगळं रेकॉर्ड होतं, त्यामुळं गाडीपलीकडं शब्द नाही. सात वर्षं आम्ही दोघं दिवसातून कितीदा बोलत होतो, पण एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

त्या आठवड्याची सुट्टी शिरूरला न जाता मी पॅसेंजर धरून त्याच्या स्टेशनवर उतरलो. त्याच्या आवाजाला भरघोस मिशा आहेत असं मी आपलं धरून चाललो होतो. आत बसला होता एक बुटका, टकलू, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस.

"कोन पायजे?"

मी नाव सांगितलं. त्याचा चेहरा कोराच. फोनवर आम्ही एकमेकांना स्टेशनच्या नावानंच ओळखायचो. मग मी रोजच्यासारखं म्हटलं, "लाइन क्लिअर दिली. त्रेपन्न."

तो खुर्चीतून उठलाच. "आरं, तुम्ही व्हय! बसा, बसा मास्तर."

चहा आला. चहा संपला. आम्हाला बोलायला काही सुचेना. मी पाऊसपाण्याचं विचारलं, त्यानं दौंडच्या गर्दीचं विचारलं. फोन वाजला तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखं झालं. पलीकडून माझ्या स्टेशनवरून माझ्या जागचा दुसरा मास्तर बोलत होता. शेवटी मी पत्राचं काढलं.

"मी काय लिवू? तुमास्नी तर मी आजच बघतोय."

"माहीत असेल तेवढंच लिहा."

"मराठीत चालंल?"

चालेल म्हणालो. चालेल की नाही मला काय ठाऊक! त्यानं मला बाहेर बाकावर बसायला लावलं. दोन गाड्या गेल्या, तेव्हा कुठं पाकीट मिळालं, सहीसकट.

मुलाखतीला टेबलामागं तिघं होते. मी मेहुण्याचा टाय लावून गेलो होतो. मधल्या बाईंनी ते पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. "अर्जदारास मी आजपूर्वी कधीही पाहिलेले नाही." तिघं हसले. मीही हसलो.

"मात्र सात वर्षे रोज ऐकतो. कितीही घाई असली तरी नंबर सावकाश सांगतात, पुढच्याने नीट लिहावा म्हणून. मागच्या वर्षी तेरा दिवस त्यांच्या पाळीला दुसरा माणूस बोलत होता. चौदाव्या दिवशी हे आले तेव्हा आवाज बसलेला होता. घरातले कोणी गेले असावे. फोन रेकॉर्ड होतो म्हणून मी विचारले नाही. विचारायला पाहिजे होते. माझे चुकले."

बाईंनी वर बघितलं. "कोण गेलं होतं?"

माझे वडील गेले होते. पण ते सांगायला मी नुसतं तोंड उघडलं. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, मेहुण्याच्या टायमध्ये, तीन परक्या माणसांपुढं रडलो. कुणीतरी पाण्याचा ग्लास सरकवला. नंतर त्यांनी विचारलं, टीममधले वाद कसे सोडवता? मी म्हटलं, "आमच्यात वाद होत नाहीत. आम्ही बोलतच नाही." या वेळी कुणी हसलं नाही.

निवड झाली नाही. मेल क्वार्टरमध्ये वाचला. पुन्हा तेच टेबल, तोच फोन, निवृत्तीपर्यंत. बायकोला कळवलं. ती म्हणाली, "जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी. मालगाडी उभी होती. फोन उचलला, लाइन क्लिअर मागितली. एरवी नंबर लगेच येतो. तो आला नाही.

"न्हाई झालं व्हय?" त्यानं विचारलं.

रेकॉर्डिंग चालू होतं.

"नाही झालं."

"मागल्या साली तवा घरातलं कुनी गेलं व्हतं का?"

"व्हय," मी म्हणालो. "वडील."

"लई वाईट झालं, मास्तर," तो म्हणाला. मग त्यानं नंबर सांगितला, सावकाश, आणि मी तो लिहून घेतला.