साडी घेतली, शब्द दिला नाही

सून आमदार झाली तेव्हा घरात माणसांची रीघ लागली आणि मी स्वयंपाकघरात आणखी आत सरकले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. हार घेऊन आलेल्यांना मी दाराआडून चहा पुढं करायची. सून विरोधी पक्षाची, त्यामुळे रीघ लवकर ओसरली. नंतर फक्त तीच माणसं येऊ लागली ज्यांचं दुसरीकडं कुठंच काम झालं नव्हतं.

आमचं गाव जळगावच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यात. गावाच्या आरोग्य केंद्रात बाळंतपणासाठी नवी इमारत बांधली. फीत कापली, पेढे वाटले आणि कुलूप लावलं. ते पुन्हा कुणी काढलं नाही.

आमच्या बागेत निंदणीला येणारी एक पोर होती. पहिलटकरीण. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा तिची सासू मला बोलवायला आली. आम्ही तिला धरून केंद्रावर नेलं. कुलूप. तिथला शिपाई म्हणाला, "जळगावला न्या, इथं सोय नाही." रिक्षा केली. अर्ध्या वाटेत रिक्षा थांबवावी लागली. एका बाजूनं तिच्या सासूनं आणि दुसऱ्या बाजूनं मी पदराचा आडोसा धरला. रस्त्यानं ट्रक जात होते. मूल निळं पडलेलं होतं. रडलं नाही. पोर वाचली, एवढंच.

ही गोष्ट मी फक्त सुनेला सांगितली. ती उभ्यानंच ऐकत होती.

"कुलूप होतं हे तुम्ही स्वतः बघितलं, आई?"

"हात लावून बघितलं."

"मग मी विचारते."

नागपूरच्या अधिवेशनासाठी तिनं प्रश्न दिला. तो यादीत वरच्या नंबरावर लागला. ती मला सांगत असते, मला समजेल असं. प्रश्न लेखी द्यायचा, खात्यानं लेखी उत्तर छापायचं. त्या दिवशी आपला नंबर पुकारला की आपण जागेवर उभं राहायचं. मग मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि आपल्याला वरून आणखी विचारता येतं. "आणि जागेवर नसलं तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "तर गेलं. छापलेलं उत्तर तेवढं राहतं, पुढचा प्रश्न घेतात."

त्या खात्याचा मंत्री माझ्या माहेरचा. धुळ्याकडचा, माझा चुलतभाऊ. लहानपणी मी त्याला काखेला घेऊन फिरायची. तो सत्तेत, सून विरोधात. दोन्ही घरच्या लग्नांत आम्ही एकमेकांना वाढायचो आणि राजकारणाचं बोलायचं नाही असं आपोआप ठरून गेलं होतं.

अधिवेशनाच्या आधी आमच्या शेतात भरीत केलं. थंडी पडली की आमच्याकडं भरीत होतंच. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, केळीच्या पानावर वाढायची. मंत्री जळगावला एका लग्नाला आला होता. निरोप न देताच शेतात आला. पोलिसांच्या गाड्या बांधावर थांबल्या आणि तो सरळ येऊन मांडी घालून बसला.

"काय सूनबाई," तो पानाशी बसून हात धूत म्हणाला, "इथं बी प्रश्न विचारशील का, मिरची किती टाकली म्हणून?"

"मिरचीचं उत्तर तुमच्या डोळ्यांतच दिसेल, मामा," सून म्हणाली. "कुलपाचं तेवढं नागपूरला द्या."

सगळे हसले. तोही हसला. आमचे हे म्हणाले, "खा आधी, सभागृह अजून लांब आहे."

जेवण झाल्यावर तो माझ्या मागं आला. मी चुलीजवळ ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या झाकून ठेवत होते. तिथं कुणी नव्हतं. मग तो आमच्या माहेरच्या बोलीत बोलायला लागला.

"अक्का, मना खात्याना प्रश्न शे. पेपरवाला माले खाई टाकतीन. एक दिन ती जागावर नही ऱ्हायनी ते काय बिघडस? तू सांग तिले. तुनं ती ऐकस."

त्या दिवशी सून जागेवर राहू नये, एवढंच त्याचं मागणं. मी पुऱ्यांवरचं फडकं सारखं करत राहिले. त्यानं आपल्या माणसाला हाक मारली, तशी शेतातली सगळीच माणसं इकडं बघायला लागली. पिशवीतून साडी आली, वर नारळ, कुंकवाची पुडी. त्यानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी पदर पसरला आणि साडी घेतली. भाऊ साडी देतो तेव्हा पदर आपोआप पुढं होतो, त्याला विचार करावा लागत नाही.

तो पुरुषांत परत गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "अक्कानं मान राखला." गाड्या निघून गेल्या.

संध्याकाळी मी भांडी घासत होते. सून येऊन उभी राहिली.

"आई, मी त्या दिवशी उठायचं नाही का?"

"असं कोण म्हणालं?"

"तुम्ही साडी घेतली."

मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडं बहीण बापाच्या शेतातला वाटा सोडते तेव्हा भाऊ तिला साडी नेसवतो. साडी पदरात पडली की बोलणं संपलं. मग तिनं हो म्हणायची गरज राहत नाही, कुणी विचारतही नाही. मी माझा वाटा असाच सोडला होता. आज मंत्र्यानं तीच रीत वापरली होती, आणि मी तिथं उभी राहून काही बोलले नाही. शेतातली सगळी माणसं समजायचं ते समजून गेली. आमचे हेसुद्धा ओसरीतून म्हणाले, "आता माहेरशी वाकडं घेऊ नका. सोड म्हणावं एक प्रश्न. दुसरे काय कमी आहेत?"

सून माझ्याकडं बघत होती. तिला चीड आली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं करते. पण तोंडानं सांगा."

मी हात धुतले. म्हटलं, "त्याला फोन लाव."

"आत्ता? काय बोलणार?"

"लाव तू."

फोन कुणी दुसऱ्यानं घेतला, मग तिसऱ्यानं. मी म्हटलं, मंत्र्याची अक्का बोलते, धुळ्याची. तो आला.

"बोल अक्का."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, "भाऊ, साडी तू दिली म्हणून घेतली. शब्द दिला नाही. सून उठणार आहे."

"अक्का, चारचौघांत घेतली ना तू? आता मागं फिरशी?"

"शेत माझं होतं, ते मी सोडलं. हे माझं नाही. हे मला सोडता येत नाही."

तो चिडून म्हणाला, "मंग साडी परत दे."

"परत देत नाही. भावानं दिलेली आहे."

फोन ठेवला तेव्हा आमचे हे दारात उभे होते. ते वळून ओसरीत गेले. सुनेनं विचारलं, "सभागृहात तुमचं नाव घेऊ?"

"नाव नको. सासू म्हण."

प्रश्नाच्या दिवशी मी घरी मोबाईलवर बघितलं. नंबर पुकारला आणि ती उठली. कुलूप आहे हे खरे आहे काय, या प्रश्नाला छापील उत्तरात लिहिलं होतं, 'हे खरे नाही.' बाळंतपणाचा कक्ष कार्यरत आहे, असंही होतं. सून म्हणाली, "अध्यक्ष महोदय, कक्ष चालू आहे तर कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, एवढं मंत्री महोदयांनी सांगावं." मागून कुणी हसलं, कुणी बाक वाजवला. मंत्री अधिकाऱ्यांच्या बाजूला बघायला लागला. चिठ्ठी आली. तो चिठ्ठी वाचून म्हणाला, स्थानिक पातळीवर काही अडचण असू शकते.

"ती अडचण माझ्या सासूबाईंनी हातानं चाचपून बघितली आहे," सून म्हणाली. "एक बाई रस्त्यावर बाळंत झाली. मूल गेलं. छापलेलं उत्तर खरं, की माझ्या सासूबाई?"

त्यानं मान वर केली. त्याला ठाऊक होतं ती सासू कोण. सभागृहात गलका चालू होता आणि तो कागद उलटा-सुलटा करत होता. शेवटी म्हणाला, "छापील उत्तर दुरुस्त करून देऊ. कक्ष सुरू करू." अध्यक्षांनी पुढचा नंबर पुकारला. सगळं मिळून भाजी फोडणीला टाकून उतरवावी एवढ्या वेळात झालं.

संक्रांतीला माहेराहून काही आलं नाही. मी फोन केला, वहिनीनं उचलला, तो कामात आहे म्हणाली. मी तिळगूळ घ्या म्हटलं.

केंद्राचं कुलूप निघालं. एक नर्स आली. ती दुपारपर्यंत असते, मग परत कुलूप. सून पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न काढायला ओसरीत बसली होती. भोवती गावातली आठ-दहा माणसं होती. मी दाराआड चहा घेऊन उभी होते. कुणी म्हणालं, चला, कुलूप तर निघालं, आता तो विषय झाला.

मी बाहेर आले. चहाचं ताट खाली ठेवलं.

"झाला नाही," मी म्हटलं. "दुपारनंतर तिथं कोण असतं ते विचार. कळा काय सकाळीच येतात?"

माणसं माझ्याकडं बघायला लागली. सुनेनं पेन उघडलं.

"सांगा, आई. तुम्ही सांगाल तसंच लिहिते."

मी तिच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले.