तान्ह्या पोळ्याची जोडी

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात बैलावर कोणी काठी उगारत नाही. माणसांना मात्र फोडून काढतात. बार्शीटाकळीजवळच्या या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी उभा जन्म घालवला, निवृत्त झाल्यावर इथेच राहिले, आणि दरवर्षी एकच तमाशा पाहिला: तोरणाखाली पहिली जोडी कोणाची? मान जुन्या जमीनवाल्या घराचा. गेल्या वर्षी भाजीपाला पिकवणाऱ्या घराने नवी जोडी घेतली आणि सरळ पुढे घुसवली. लगेच काठ्या निघाल्या. एकाचं डोकं फुटलं, एकाचे दात पडले. बैल बिचारे रंगवलेली शिंगं घेऊन उभे, आणि झुलींवर माणसांचं रक्त.

मला त्या मानाशी काही देणंघेणं नव्हतं. माझा जीव नातीत. मुलगा आणि सून अमरावतीला नोकरीत, पोर तान्ही असल्यापासून माझ्याजवळ. तिला न्हाऊमाखू मी घातलं, पाटीवर हात धरून मीच गिरवून घेतलं. मुलगा प्रत्येक दिवाळीत तिला अमरावतीला नेण्याचं काढायचा आणि मी भांडून त्याला एकट्याला परत पाठवायचे. त्या मारामारीच्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आई, तिथं डोके फुटून रायले अन् तू पोरीले तिथंच ठेवून रायली?"

"मोठ्याइचे फुटले, लेकराइचे नाही. उद्या येऊन तान्हा पोळा पाय, मंग बोल," म्हणून मी फोन आपटला.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा. चाकांचे लाकडी बैल ओढत पोरं शाळेच्या अंगणात येतात, आणि तोरण तोडतात बाई, म्हणजे मी. त्या सकाळी मला शहाणपण सुचलं. भांडलेल्या दोन्ही घरांच्या मुली माझ्या नातीच्याच वर्गातल्या. दोघींचे बैल शेजारी उभे करून मी त्यांची एक जोडी केली आणि सगळ्यांच्या पुढे लावली. आता भांडा म्हटलं, कोणाशी भांडता ते! सगळ्या जगाला एका बाकावर बसवायची मास्तरकीची खोड, दुसरं काय.

जोडीत एक उजवा असतो आणि एक डावा, आणि मान उजव्याचा. शेतकऱ्याची लेक असून हे मी विसरले.

जमीनवाल्यांचा कर्ता माझाच जुना विद्यार्थी. डोक्याला कालची पट्टी, हातात बैल हाकायची काठी. तरातरा आला.

"बाई, आमचा बैल डाव्या बाजूले काऊन?"

"अरे, लाकडाचा आहे तो."

"लाकडाचा असो का हाडामासाचा! काल माया मान गेला, आज मायी पोरगी डावी?"

त्याने लाथ मारून दुसऱ्या पोरीचा बैल उडवला. तिचा बाप धावून आला. त्याने याचं मानगूट धरलं, पट्टी ओढून काढली. कालची जखम उघडी पडली, तोंडभर रक्त आलं. याने काठी उगारली. आणि दोघांच्या मध्ये, तोरणाचं टोक धरून, माझी नात उभी. पळायचंही तिला सुचत नव्हतं.

मी हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, चुलीत घालायची काडी गुडघ्यावर मोडावी तसा. दुखलं नंतर, आधी डोकं फिरलं. डाव्या हाताने मी काठी हिसकावली आणि ओरडले, "हात पुढे कर!"

चाळिशीचा मिशाळ माणूस. त्याने हात पुढे केला. मी मारलं. "दुसरा!" त्याने दुसरा केला. मग मी मारतच सुटले, तळहातावर, खांद्यावर, लागेल तिथे. सगळं गाव पाहत होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ती काठी माझ्या नातीच्या टाळक्यावर पडत होती.

अकोल्याला जाऊन प्लास्टर घातलं. मुलगा गाडी घेऊन आला, तर मी त्याच्याशीही भांडले. पोरीला ओरखडा आला नव्हता, आणि आता कोणाची डोळा वर करून पाहायची टाप नव्हती. मी जिंकले होते. तो एकटाच निघण्याच्या तयारीत चहा पीत होता, तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "हात पुढे कर!"

हुबेहूब माझा आवाज.

बाहेर गेले. जमीनवाल्यांची पोर भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात पुढे. तळहात लाल, एक तर सोललेला. समोर माझी नात, हातात तुरीची वाळकी काडी.

"काय करून रायली तू?"

"तिच्या बापानं तुले मारलं ना, आजी. ही अजून रडूनच नाही रायली."

तिच्या तोंडावर राग नव्हता. पाढा न चुकता म्हणून दाखवला की ती अशीच खुलायची. मी काडी हिसकावली आणि माझा हात वर गेला. तिने लगेच, न घाबरता, हात पुढे केला.

वर गेलेला हात मी कसाबसा खाली आणला. इतकी वर्षं मी हिला गावापासून जपत होते, आणि हे ती शिकली होती माझ्याकडून. मी आत जाऊन तिचे कपडे पिशवीत कोंबले.

"गाडी काढ. घेऊन जा हिले."

"आई, आताच तर तू..."

"घेऊन जा म्हटलं ना!"

गाडीजवळ तिने माझा प्लास्टरचा हात दोन्ही हातांनी धरला. "आजी, मी नाही मारणार, कोणालेच नाही मारणार," म्हणून किंचाळत होती. हाडातून कळ थेट डोक्यात जात होती. मुलगा नुसता उभा होता. डाव्या हाताने मीच तिचं एकेक बोट सोडवलं. जोर लावावा लागला.