बंधुमंडळ, टॉवर क्रेन आणि याकोबदादांची प्रार्थना

शमुवेल वर चढला खरा, पण चढल्या चढल्या उतरायचं म्हणू लागला.

"रूबेनभाऊ, माझ्याच्यानं नाही होत. येतो मी खाली," वॉकीटॉकीतून त्याचा आवाज आला.

करंजाड्याला आमच्या बिल्डिंगचं काम चालू होतं. मी लिफ्टिंग सुपरवायझर, म्हणजे क्रेननं काय, कधी, कुठं उचलायचं ते सांगणारा. शमुवेल टॉवर क्रेनचा ऑपरेटर. त्याची केबिन इतकी उंच, की अलिबागच्या माणसानं चहात साखर किती घातली ते तिथून दिसतं. उन्हाळ्यात एकदा वारा उठला आणि हुकाला लटकलेला सळयांचा गठ्ठा बेवड्यासारखा झुलला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण शमुवेलचा धीर गेला. गडी घरी बसला. माळ्यावरचा डबा काढायलाही बायकोला चढवू लागला.

आमच्या चर्चच्या बंधुमंडळानं मात्र त्याची पाठ सोडली नाही. सीवूड्सचा चिकनवाला आमोस रोज त्याला सोसायटीचे जिने चढवत गच्चीवर न्यायचा. "चल रे, माझ्या कोंबड्यापण तुझ्यापेक्षा जोरात पळतात!" आणि याकोबदादा, रिटायर्ड मास्तर, त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. दादांची प्रार्थना म्हणजे काय? नाताळात सुरू केली तेव्हा केक भट्टीतून निघाला होता, आमेनपर्यंत त्याला बुरशी आली.

शमुवेल परत कामावर आला त्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजर देशमुख साहेबांनी मला बजावलं होतं.

"आज एक लोड उचलून दाखवू दे. नाहीतर उद्यापासून एजन्सीचा ऑपरेटर."

"उचलेल, साहेब."

"आणि हे दोघं कोण?"

"त्याला धीर द्यायला आलेत."

"बरं. हेल्मेट घाला त्यांना."

तर शमुवेल म्हणतोय उतरतो. मी काही बोलणार, तेवढ्यात दादांनी माझ्या हातातला वॉकीटॉकी काढून घेतला, डोळे मिटले, बटण दाबलं.

"हे स्वर्गीय पित्या..."

वॉकीटॉकीचं असं असतं, एकानं बटण दाबून धरलं की त्या चॅनलवर बाकी सगळे मुके. शमुवेल वरून काय बोलतोय, कुणाला ऐकू येणार?

दादांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून घेतलं. मग मंडळीतले आजारी झाले, नगरकडचे नातेवाईक झाले, देशमुख साहेबांचं बीपी झालं. साइटवरच्या प्रत्येक सेटमधून दादाच. वेल्डर, सळईवाले माना खाली घालून, हेल्मेट काढून उभे. सेफ्टी ऑफिसर बोंबलतोय, "अरे, प्रार्थना करा, पण हेल्मेट घालून करा!"

एकदम दादांचा आवाज मऊ झाला.

"बापा, आमचा शमू वर एकटा नाही, हे त्याला कळू दे. आज नाही जमलं तरी तो आमचाच आहे, हेही कळू दे."

मी वर बघितलं. जिब, म्हणजे क्रेनचा आडवा हात, हळूच फिरत होता.

मी धावतच मोकळ्यात गेलो आणि हातानं सिग्नल द्यायला लागलो. हूक खाली आला. रिगरनं सळयांचा गठ्ठा अडकवला. गठ्ठा उचलला गेला, जरासुद्धा न झुलता फिरला आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा स्लॅबवर टेकला. आमोस हेल्मेटवर हात बडवत नाचत होता. दादांचे डोळे मिटलेलेच. ते आत्ता कुठं पनवेल तालुक्यातल्या रस्त्यांपर्यंत पोचले होते.

"आमेन."

"आमेन!" अख्खी साइट ओरडली. सगळ्यांत मोठ्यानं आमचा रिगर पांडुरंग.

बटण सुटलं तसा वरून आवाज आला, "रूबेनभाऊ, पुढचा लोड कुठाय?"

संध्याकाळी खाली उतरल्यावर शमुवेलनं दादांना मिठी मारली. "दादा, उतरतो म्हणून सांगायला किती वेळा बटण दाबलं मी! तुम्ही थांबाल तर ना. शेवटी म्हटलं, ऐकता ऐकता हात तरी चालवू."

देशमुख साहेबांनी एजन्सीला 'ऑपरेटर नको' म्हणून कळवलं. मला म्हणाले, "या दादांच्या हातात परत सेट देऊ नका."

आमच्या धंद्यातला माझा अनुभव एवढाच. खचलेल्या भावाच्या पाठीशी उभं राहावं, आणि तो 'नाही जमत' म्हणायला लागला की चॅनल बिझी ठेवावा.