दारासमोरची भिंत

मिलिंद गेल्याचं मला पाया लेबार भागातल्या ऑफिसात फोनवर कळलं. लॅबच्या जिन्यात कोसळला, हृदय बंद पडलं, वय अवघं चौतीस... आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो भिंतीचा. लाज वाटते, पण खरं आहे.

इथे परदेशात, टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं तीन वर्षं भाड्यानं राहिलो. तो नागपूरचा, रंगांवर संशोधन करणारा. युरोपातल्या जुन्या, मध्ययुगीन चर्चच्या भिंतीवरच्या चित्रांनी त्याला पार झपाटलं होतं. आमच्या दारासमोर त्यानं त्यातलंच एक काढलं: लहानग्या येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड संत ख्रिस्तोफर, पायाशी तपकिरी मासे. सकाळी ज्याला ख्रिस्तोफर दिसला त्याला त्या दिवशी अवचित मरण नाही, अशी तिथली समजूत. म्हणून त्याचं चित्र चर्चच्या दारासमोरच काढायचे. मी बुटाची नाडी बांधत चिडवायचो, रोज बुद्धवंदना करणारा तू, हे काय नवीन खूळ? तो म्हणायचा, विश्वास नाही रे माझा, पण घाबरलेली माणसं त्याच्याकडे बघून कामाला जायची, ते मला फार आवडतं. तूही बघून जात जा.

मग घरमालकीण आंटी पाहणीला आली. करारात भिंती पांढऱ्या, तेव्हा हे पुसा नाहीतर फ्लॅट सोडा, म्हणाली. मिलिंद उद्या उद्या करत राहिला. मी मुळात तापट. रविवारी तो लॅबमध्ये असताना रंगाचा डबा आणला आणि रोलर फिरवून मोकळा झालो. त्याला विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी आला तो बूट न काढता दारातच उभा राहिला...

"तिकडे चर्चमध्येही असाच चुना फासला होता," शेवटी म्हणाला. "त्याच्याखालीच टिकली ती चित्रं."

माफी मागायची राहून गेली. गेला त्या गुरुवारी सकाळी तो सवयीनं त्या कोऱ्या भिंतीकडे बघून बाहेर पडला.

त्याच्या आईंनी फोनवर विचारलं, निघताना काही बोलला का? नाही म्हटलं. भिंतीचं सांगायची हिंमत झाली नाही. मी इंजिनीयर माणूस. चित्र पुसल्यानं कुणी मरत नाही हे मला कळतं. कळून उपयोग काय?

परवा आंटी पुन्हा आली. पांढऱ्यातून मासे पुसटसे वर येऊ लागलेत. "वन मोअर कोट, लाह," तिच्या इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली. मी मान डोलावली. उरलेला रंग दाराशीच आहे, रोलरही धुऊन ठेवलाय. रोज सकाळी नाडी बांधतो, त्या माशांकडे बघतो, आणि दुसरा हात उद्या मारू म्हणत कामाला जातो.