पोकळ करंज्या आणि माझी बहीण

गेल्या दिवाळीत टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या ज्या आत्याच्या चोरीवर लोक गडाबडा लोळून हसले, ती चोरी मुळात मी केली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढे धीर सुटला की मी गोष्टी गोड करून लिहितो, ही माझी जुनी खोड आहे.

ती मालिका तुमच्याही घरी लागत असेल. एका सोसायटीतलं कुटुंब, टकला बाप, तापट आई, आणि चार दिवस राहायला म्हणून येऊन कधीच परत न गेलेली बापाची बहीण, म्हणजे आत्या. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा ही मालिका सुरू झाली. मुलगी आता आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मालिकेतला मुलगा अजून चौथीतच बसलाय. दर दिवाळीला त्यांचा एक तासाचा खास भाग असतो. तो बघितल्याशिवाय आमच्या सानपाड्याच्या घरात दिवाळी सुरू झाली असं कुणी मानत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी प्रेक्षकांना आवाहन केलं की, तुमच्या घरातली दिवाळीची एखादी फजिती लिहून पाठवा, निवडलेल्या फजितीवर यंदाचा भाग करू. मी जासईला एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करतो. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाइलवर लिहिलं आणि पाठवून दिलं. घरी कुणाला बोललो नाही, कारण निवड होईल असं स्वप्नातही नव्हतं.

फजिती अशी होती. आम्ही तेव्हा पनवेलला दोन खोल्यांत राहायचो. मी अकरा वर्षांचा, बहीण आठ. आई दिवाळीच्या आधी चार दिवस करंज्या करून डबा माळ्यावर ठेवायची. पहिली आंघोळ होऊन देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. सुक्या खोबऱ्याचं सारण करंजीत सुटं असतं, कानाशी हलवली की करंजी खुळखुळ्यासारखी वाजते. त्या वर्षी वडिलांचे साहेब सकाळी फराळाला आले. त्यांनी करंजी मोडली तर आत नुसती हवा. दुसरी मोडली, तीही तशीच. आईने डबा उपडा केला. एकूण एक करंजीला खालच्या बाजूने काडीपेटीच्या काडीएवढं भोक, आणि सारण गायब. देवालाही आम्ही पोकळच करंजी दाखवली होती. सगळे उपड्या डब्याकडे बघत असतानाच माझी बहीण फस्सकन हसली.

हसली, म्हणजे तिनेच खाल्लं. निकाल तिथेच लागला. त्या वर्षी तिला फटाके मिळाले नाहीत. तिच्या वाटणीच्या फुलबाज्या मी लावल्या आणि ती उंबऱ्यावर बसून बघत राहिली. तेव्हापासून तिचं नाव पडलं ‘पोकळ करंजी’. तिच्या लग्नात मामी रुखवतातल्या करंज्या कानाशी हलवून बघत होती. आई होती तोवर दर दिवाळीला ही गोष्ट सांगायची आणि मी चिवडा खात खात हसायचो.

खरं काय होतं? ट्रंकेवर स्टूल, स्टुलावर मी, हातात काडी. लागोपाठ तीन दुपारी. भोक पाडायचं, करंजी तोंडावर धरून सारण ओतायचं, रिकामी करंजी होती तशी परत डब्यात. पिठीसाखर आणि खसखस घशात जाऊन खोकला यायचा, तो मी उशीत तोंड खुपसून खोकायचो.

आता तुम्ही विचाराल, मोबाइलवर लिहिताना हात थांबला नाही? थांबला होता. ‘माझ्या धाकट्या बहिणीने’ एवढं लिहिलं आणि मी थांबून भेंडीची भाजी संपवली. मग तसंच पुढे लिहिलं. घरात ती गोष्ट चाळीस वर्षं अशीच सांगितली जात होती, दुसऱ्या तऱ्हेने ती मला सांगताच येईना.

आणि नेमकी तीच निवडली गेली.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. कार्टूनमधली आत्या स्टुलावर चढून माळ्याकडे हात लांबवते, पुढच्याच दृश्यात डबा मांडीवर घेऊन करंज्या रिकाम्या करते, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत वहिनी त्याच करंज्या फराळाच्या ताटांत घालून शेजारी वाटते. पण शेजारून आलेलं ताट कोण खातंय? पहिल्या मजल्याने ते दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळी बिल्डिंग फिरून त्याच करंज्या आत्याच्या दारात परत. आत्या खूश होऊन एक उचलते, कानाशी हलवते, आणि तिचं तोंड हळूहळू उतरत जातं. माझी बायको हसता हसता सोफ्यावरून खाली घसरली. शेवटी पाटी आली, ‘कथाबीज : नवी मुंबईचे एक प्रेक्षक’. मायलेकींनी एकदम माझ्याकडे बघितलं, आणि माझा फोन वाजला. करंजाड्याहून बहीण.

“दादा, ही मी ना?”

खाली फटाक्यांची माळ लागली होती. तिचा सूर मला काही केल्या कळेना.

“हो, म्हणजे ते आपलं...”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते ‘बरं’ मी भाऊबीजेपर्यंत चघळत होतो. जी गोष्ट घरातल्या घरात होती, ती मी गावभर केली, आणि तीसुद्धा खोटी. भाऊबीजेला ती आली नाही तर? आली आणि बोलली नाही तर?

बाहेर मात्र धमाल उडाली होती. लोक करंजी कानाशी धरून व्हिडिओ टाकत होते. एक आजोबा कानातलं मशीन काढून, पुसून, परत घालून करंजी ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, “लागत नाही हा नंबर.” मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर ‘आत्याला सोसायटीची चेअरमन करा’ अशी मागणी चालली होती. जुने चाहते नेहमीप्रमाणे ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ असं लिहीत होते. हे लोक दरवर्षी तेच लिहितात आणि दरवर्षी पहिल्या मिनिटापासून बघतात. आमच्या नाक्यावरच्या मिठाईवाल्याने दुसऱ्याच दिवशी पाटी लावली, ‘आमची करंजी वाजते. हलवून घ्या.’ एक बाई अर्धा किलोतली एकेक करंजी हलवायला लागल्या तेव्हा तो हात जोडून म्हणाला, “मॅडम, करंज्या घेताय की ऑर्केस्ट्रा बसवताय?” यार्डात आमचा सुपरवायझर, जवळच्याच गावातला, चहा पिता पिता सांगत होता, “साहेब, आमचे घरान पन अशीच एक आत्या हाय. यंदा आईनं डब्याला कुलूपच घातलंय.”

प्रत्येक हसणारा चेहरा मला टोचत होता. आणि कबूल करायला लाज वाटते, पण दर पाच मिनिटांनी मी मोबाइल उघडून बघत होतो आणि आतून उकळ्या फुटत होत्या. हे माझं आहे, असं वाटत होतं. माझंच होतं, तीच तर भानगड होती.

मग लक्ष्मीपूजनाच्या दुपारी माझ्या मुलीने बॉम्ब टाकला. तिने ते दृश्य थांबवून थांबवून बघितलं होतं. फ्रिजच्या उंचीवरून ओट्याची, ओट्यावरून माळ्याची, अशी सगळी मापं काढून तिने कार्टूनच्या स्वयंपाकघराचं चक्क ड्रॉइंग केलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘स्टुलावर उभी राहूनही आत्याचा हात डब्यापासून एक वीत कमी पडतो. आत्या निर्दोष आहे. चोर तिचा भाऊ.’

संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये दोन पक्ष पडले, आत्यावाले आणि भाऊवाले. आणि हे माझ्यामुळेच झालं होतं. ‘माळा इतका उंच, की स्टुलावर चढूनही हात पुरू नये’ असं मीच फुशारकीने लिहून पाठवलं होतं. मालिकेवाल्यांनी बिचाऱ्यांनी इमानाने तसंच काढलं.

“बाबा, मापं खोटं बोलत नाहीत,” जेवताना मुलगी म्हणाली.

“कार्टूनला कसली मापं? त्यात बाप गॅलरीतून पडतो आणि पुढच्या मिनिटाला पोहे खातो.”

“तुम्ही का चिडताय?”

“मी कुठे चिडतोय!”

“अगं, ते आत्यावाले आहेत,” बायको म्हणाली. “स्वतःच्या बहिणीची बाजू घेणार नाहीत का?”

मी ताटात मान घातली. तेव्हाच ठरवलं, भाऊबीजेला तिला सगळं सांगायचं. मग ती काय करायचं ते करू दे.

भाऊबीजेला ती आली. जरीची साडी, हातात डबा, चेहऱ्यावर काहीच नाही. मी टोपी घालून पाटावर बसलो. मुलगी मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती, बायको तिच्या मागे उभी होती. बहिणीने टिळा लावला, अक्षता टाकल्या, ताट उचललं. ती अगदी जवळ वाकली तेव्हा मी ओठ न हलवता म्हणालो, “सारण मी खाल्लं होतं गं. सगळं मीच.”

निरांजन माझ्या नाकासमोर थांबलं.

“आत्या, थांबू नकोस, चालू आहे,” मुलगी म्हणाली.

ताट पुन्हा फिरू लागलं. बहीण कॅमेऱ्यासाठी हसत होती आणि दातांच्या फटीतून बोलत होती.

“मला काय आज कळतंय? घरात पोरं आपण दोघं. मी खाल्लं नाही, मग मांजराने काडीने भोकं पाडली?”

“मग तू हसलीस कशाला?”

“तुझं तोंड बघून. साहेबांनी करंजी मोडली आणि तुझे डोळे हे एवढे झाले.”

“सांगायचंस ना मग आईला.”

“सांगितलं होतं. रडून रडून सांगितलं. तू बाजूलाच उभा होतास.”

हे बोलताना मात्र ती कॅमेऱ्यासाठीही हसली नाही. ते मला आठवत होतं. इतकी वर्षं मी ते आठवत नाही असं स्वतःला सांगत होतो.

“चुकलो,” मी म्हणालो. “आत्ता सगळ्यांसमोर सांगतो. ग्रुपवरही लिहितो.”

“खबरदार!” ताट जरा जोरातच फिरलं. “ती आत्या म्हणजे मीच, हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय. पाडव्याला आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावलं. माइकपाशी करंजी हलवायला लावली. टाळ्या काय, शिट्ट्या काय! लिफ्टमध्ये पोरी सेल्फी काढतात माझ्यासोबत. चाळीस वर्षं मी चोर होते तेव्हा तू गप्प बसलास, आणि आता कुठे जरा मजा येतेय तर आलास चोरी परत मागायला?”

“अगं, पण ते खोटं आहे.”

“असू दे. मी सोसलंय, आता मिरवणारही मीच.”

“आत्या, बास की,” मुलगी ओरडली. “किती ओवाळशील? बाबांना चक्कर येईल!”

बहिणीने ताट खाली ठेवलं आणि मी काही बोलायच्या आत माझ्या तोंडात अख्खा बेसनाचा लाडू कोंबला. मग पदर खोचून ती मुलीकडे वळली.

“काय गं, भाऊवाली तू ना? माझा हात पुरत नाही म्हणे? आण स्टूल.”

आम्ही सगळे स्वयंपाकघरात गेलो. बायको “अहो वन्सं, पडाल” म्हणत मागे, मुलगी टेप घेऊन पुढे. बहीण स्टुलावर चढली, मी खाली बसून स्टूल धरलं. तिने माळ्याकडे हात ताणला, टाचा उचलल्या, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. वरचा डबा तिच्या बोटांना काही लागेना.

“एक वीत!” मुलीने टेप लावून आरोळी ठोकली. “बरोबर एक वीत! मी सांगितलं होतं!”

“तेव्हा मी उंच होते,” बहीण वरूनच म्हणाली.

“आठ वर्षांची असताना?”

“हो. विचार तुझ्या बापाला.”

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मुलीच्या डोळ्यांत ते सगळं ड्रॉइंग मापांसकट दिसत होतं. मी लाडू गिळला. एक खोटं मी बहिणीवर लादलं होतं, दुसरं ती हक्काने मागत होती.

“हो,” मी म्हणालो. “चांगली उंच होती. आमच्या वर्गातल्या पोरांपेक्षाही. नंतर काय झालं कोण जाणे.”

बहीण इतकी हसली की स्टूल गदागदा हलायला लागलं, आणि मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो.