नाना आणि पांढऱ्या मानेचा सुतार

नाना पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरव अंकाच्या मंडळींनी "चार चांगले शब्द लिहा" म्हणून मला गळ घातली. चांगले शब्द पुष्कळ आहेत. पण गेली तीन वर्षं मी नानांशी खोटं बोलत आलो, आणि ते कबूल केल्याशिवाय त्यांच्याविषयी काही लिहायला माझा जीव धजत नाही.

त्यांची माझी पहिली भेट शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या आमच्या वननाक्यावर झाली. नाना तिथले जुने वनरक्षक, मी पाचोऱ्याहून आलेला नवखा. पहिल्याच आठवड्यात मला थंडीतापाने लोळवलं. नाना रोज संध्याकाळी त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, केलेले फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी घेऊन खोलीवर यायचे. "खाय रे सायब, जंगल कोठे पयी जात नही," म्हणायचे. मला सायब म्हणून चिडवण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही.

वाळलेलं झाड तोडायचं असलं की त्याच्या बुंध्यावर वनरक्षकाने शिक्क्याचा हातोडा मारायचा, अशी आमच्याकडे रीत. नाना मात्र आधी ढोली शोधत. ढोली दिसली की हातोडा खाली ठेवून समोरच्या झाडाखाली बसत, कधी कधी अर्धा अर्धा दिवस. आमच्या जंगलात पांढऱ्या मानेचा सुतार होता. चांगला मैनेहून मोठा पक्षी, नराचा तुरा लाल, मादीचा पिवळा. वाळक्या खोडातल्या अळ्या न् मुंग्या हे त्याचं खाणं, आणि घरही त्याच खोडात. अंड्यांवर नर-मादी आळीपाळीने बसतात. आत बसलेला पक्षी ठोकलं तरी हूं की चूं करत नाही. म्हणून जोडीदार पाळी बदलायला येईपर्यंत थांबायचं, आला तर त्या झाडाला शिक्का नाही, एवढीच नानांची विद्या. वरिष्ठ रागावत, "एका झाडाला एवढा वेळ?" नाना मान खाली घालून ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत.

ते निवृत्त झाले आणि हातोडा माझ्या हाती आला. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी नाल्याकाठच्या वाळक्या सलईला ढोली दिसली. मी दोनदा ठोकलं, आतून काही हललं नाही. ढोली जुनी असेल असं मनाशी म्हटलं आणि शिक्का मारला. खरं सांगायचं तर मला घरी जायची घाई होती. झाड पडलं तेव्हा फुटलेल्या ढोलीत सुताराचं एकच पिल्लू होतं, मेलेलं. नर-मादी चार दिवस त्या खुंटाभोवती घिरट्या घालत राहिले. त्यानंतर आमच्या हद्दीत तो पक्षी मला दिसला नाही, ऐकूही आला नाही. ही बोच मला अजून झोपू देत नाही.

तोवर नानांचे कान गेले होते. दर भेटीत ते पहिला प्रश्न तोच विचारत, "सुतार बोलना का?" मी मान डोलावून हो, बोलला म्हणत असे. त्यांना खरं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

या लेखाच्या निमित्ताने गेल्या रविवारी सगळं कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश, मोठ्याने वाचलं. अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. नानांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "माले ठाऊक व्हतं. कान ग्यात, डोया शेतस ना. तू हो म्हनस तवय मनाकडे देखस नही." हो म्हणताना मी त्यांच्याकडे बघत नाही, हे त्यांनी कधीच हेरलं होतं. मी रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण माफ केलं असं म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "झाड गयं, पाखरू गयं. आते बाकीना झाडेसखाले तरी बस."

नाना, सोमवारपासून मी बसतो आहे. अजून काही ऐकू आलेलं नाही. तुम्हांला निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि दर भेटीत तुम्ही मला तेच विचारा. नाही म्हणायचं असेल, तर तुमच्याकडे बघून म्हणेन.