सगळ्या पोरींचं एकच वाक्य

साजिया मॅडमचा राग अख्ख्या लासुर्ण्याला ठावं हाय. तिच्या आईच्या किराणा दुकानावरच्या खोलीत ती इंग्रजीचा क्लास घेती. नवरा म्हणला, क्लास बंद कर. तर हिनं नवराच बंद केला! मला तेव्हा ती लई आगाऊ वाटायची.

माझी स्वराली तिच्याकडंच शिकती. तिला अठरा पुरी झाली अन् आमच्या मालकांनी डाळजचं स्थळ ठरवून टाकलं. रविवारी सुपारी फुटायची होती. पोरीला विचारलं? कशाला! मला तरी कोण विचारतंय?

त्याच आठवड्यात मॅडमनं शिकवलं, दुसऱ्यानं काय करावं ही आपली पसंती इंग्रजीत कशी सांगायची. तितं क्रियापदाला 'एस' लावायचा न्हाय, मग बाप असो का सरपंच. स्वरालीनं लिहिलं, 'आय प्रिफर दॅट माय फादर डिसाइड.' म्हंजी बापानंच ठरवावं, हे मला पसंत हाय. बाकावरच्या शेजारणीनं तेच. सगळ्या पोरींनी तेच! मॅडमनं खडू भिंतीवर आपटला अन् समद्यांना शून्य दिलं.

मालक खवळलं. मला अन् पोरीला गाडीवर घालून थेट क्लासवर.

"वाक्य बरुबर हाय म्हणती पोरगी. मग शून्य कशापायी?"

"वाक्य बरोबर आहे, इंद्रजितराव, पण ती खोटं बोलतीये," मॅडम कडाडली. "विचारा तिला, डाळजचं स्थळ पसंत आहे का."

"त्यात काय विचारायचं?"

"विचारा!"

मालकांनी दातओठ खात विचारलं. स्वराली इंग्रजीत काहीतरी भडाभडा बोलली.

"काय म्हणती ही?" मालकांनी मॅडमला विचारलं.

"मी नाही सांगणार. स्वराली, बापाशी मराठीत बोल."

"अप्पा, मला न्हाय करायचं लग्न. मला बारामतीला डेअरीचा कोर्स करायचाय."

मेलीला हे आईला सांगाया काय झालतं? मालकांचा हात उठला तशी मी मधी घुसले. हात तसाच खाली आला.

परतताना निम्म्या वाटंवर मालक हळूच म्हणलं, "अनिता, तुझं काय म्हणणं हाय?"

वीस वर्षांत पयल्यांदा! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"गाडी थांबवा!" मी ओरडले. "पयलं डाळजला फोन लावा, सुपारी न्हाय फुटायची म्हणून सांगा. मग माझं ऐका, वीस वर्षांचं हाय."